आलेख खाली येतोय

४ मार्च, सकाळी सात

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची पंचाईत होऊ नये, एवढ्याचसाठी.

'शून्याकडे' मंजूर झाला! नाव माझं, कल्पना माझी, प्रेझेंटेशनमधले हिरवे बाणसुद्धा माझे. ऑफिसं आणि दुकानं असलेल्या इमारती जेवढा कार्बन सोडतात, तो वर्षभरात तीस टक्क्यांनी खाली आणून दाखवायचा. आधी एक इमारत, तिथे जमलं की चाळीस. इतकी वर्षं या संशोधन संस्थेत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमचे अहवाल नीटनेटके करत बसलो. आता माझा प्रोग्रॅम, आणि अहवाल दुसऱ्याने करायचा. संचालक म्हणाले, आता मागे वळून पाहायचं नाही. पाहणार नाही.

पहिली इमारत बायकोची. म्हणजे तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक जिच्या तिसऱ्या मजल्यावर आहे ती. पाच मजले, दोन लिफ्ट, सगळ्या इमारतीला मिळून एकच एसी यंत्रणा. मालकाने कागद न वाचताच सही केली, दूरदृष्टीचा माणूस. अडले ते गाळेधारक. संस्थेचं पत्र गेलं, फोन गेले, मी स्वतः टाय लावून गेलो, कुणी दाद देईना. शेवटी बायको मजल्यामजल्यावर फिरली. तळमजल्यावरचा कॉफीवाला, दुसऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, चौथ्यावरचे वकील, पाचव्यावरची कॉल सेंटरची कंपनी. ती तिथे क्लिनिक थाटून बसली त्याला चौदा वर्षं झाली. कुणाची मान, कुणाची कंबर तिने सरळ केलेली आहे. सगळ्यांनी सह्या दिल्या. घरी येऊन म्हणाली, माझ्या शब्दावर दिल्यात हं सगळ्यांनी, मला तोंडघशी पाडू नकोस. मी म्हटलं, तुझ्या क्लिनिकच्या केसालाही धक्का लागणार नाही. इथे लिहून ठेवतोय म्हणजे विसरायला नको.

संकल्प: रोज ऑफिसात जिन्याने. घरात बेसलाइन (म्हणजे बचत मोजायचा सुरुवातीचा आकडा) हा शब्द काढायचा नाही. जेवताना फोन नाही. बायको बोलत असताना मान डोलवण्याआधी ऐकायचं.

त्याच दिवशी, दुपारी

लिफ्टने गेलो. बॅग जड होती. जिना उद्यापासून.

१३ मार्च

इमारतीच्या मॅनेजरबरोबर पहिली मीटिंग. भला माणूस. काहीही सांगा, हो हो म्हणतो. पाणी गरम करायचा बॉयलर बंद करू? हो हो. एसी पाचलाच बंद करू? हो हो. मी मनात त्याचं नाव होहो ठेवलंय. अशी चार माणसं मिळाली तर मी जगाचं तापमान खाली आणीन.

उलट आमच्या टीममधली मुलगी. आकडेमोड तिच्याकडे असते. हुशार आहे, नाही असं नाही, पण तिला प्रत्येक आकडा कशाने तरी भागायचा असतो. तिचं नाव भागाकार. आज भर मीटिंगमध्ये तिने विचारलं की इमारतीचा एकूण कार्बन मोजायचा की दर माणशी, कारण माणसं कमीजास्त झाली तर आकडा फसवेल. मी म्हटलं, माणसं कुठे जातायत? सगळ्यांनी सह्या दिल्यात. होहो हो हो म्हणाला. विषय संपला.

२८ मार्च

सेन्सर बसले. खोलीत कुणी हललं नाही की दहा मिनिटांत दिवे आणि हवा आपोआप बंद. विकणाऱ्याने दोन मॉडेल दाखवली. एकाला फक्त हालचाल दिसते, दुसऱ्याला आवाजही ऐकू येतो. दुसरं महाग. मी म्हटलं, ऐकून करायचंय काय? दिसलं की पुरे. विकणारा माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्या झटपट निर्णय घेणारा माणूस त्याला रोज भेटत नसणार.

दोन उरले ते घरी लावले, एक बैठकीच्या खोलीत, एक बाथरूममध्ये (तिथे वेळ दोनच मिनिटांची ठेवली). शिवाय घराच्या मीटरवर एक डबी बसवली, रोजचा वापर माझ्या फोनवर दिसतो. जो माणूस स्वतःच्या घरात बदल घडवू शकत नाही त्याने चाळीस इमारतींच्या गोष्टी करू नयेत, असं मी जेवताना म्हणालो. मुलगी म्हणाली, बाबा, भात वाढू का.

६ एप्रिल

क्लिनिकमध्ये किरकोळ प्रकार घडला. पाठदुखीच्या एक आजी पडद्यामागे टेबलावर पालथ्या पडून शेक घेत होत्या. शेक घेणारं माणूस हलत नाही. हलू नका असंच त्याला सांगितलेलं असतं. सेन्सरने बघितलं, कुणी नाही. दिवे गेले, हवा थांबली. आजींना वाटलं, आपला कारभार आटोपला. जरा वेळ बिचाऱ्या तशाच पडून राहिल्या आणि मग अंधारातून ओरडल्या, अहो, मी अजून आहे! मी अजून आहे हो! बायको धावत आली, तिने टॉवेल गरगर फिरवला, तेव्हा दिवे लागले.

हे सांगताना बायको आधी खूप हसली. मीही हसलो. मग म्हणाली, पण आता दर थोड्या वेळाने मी पडद्यापडद्यातून टॉवेल फिरवत हिंडते, ते काही हसण्यासारखं नाही, तेवढे क्लिनिकमधले सेन्सर काढून टाक ना. मी विचारलं, आजी नेमक्या किती मिनिटं स्थिर होत्या? आकडा मोलाचा आहे. ती उठून आत गेली. बहुतेक तिला आठवत नसावं.

२४ एप्रिल

एक लिफ्ट बंद केली. दुसरी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर थांबेल. विजेची भरघोस बचत. संध्याकाळी बायको तणतणत आली. तिचे निम्मे पेशंट गुडघ्यांचे. मी शांतपणे सांगितलं, चौथ्यावर उतरायचं आणि एक मजला खाली यायचं, उतरायला काय जातं? तर ती म्हणाली, दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं वाईट, वीस वर्षं मी हेच सांगत आले, तू माझ्याच घरात राहतोस ना?

ती मला एरवी तू म्हणते. रागावली की तुम्ही. आज तूच होतं, म्हणजे काळजीचं कारण नाही.

जिना: उद्यापासून नक्की. डाव्या गुडघ्यात थोडं दुखतंय.

१५ मे

उकाडा मी म्हणतोय. एसीचं तापमान ठरल्याप्रमाणे वर नेलं आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. वकिलांनी होहोला खोलीत बोलावून झापलं. कॉफीवाला म्हणाला, गिऱ्हाईक कॉफी घेऊन फुटपाथवर जाऊन उभं राहतं, बाहेर वारा तरी असतो.

पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक मजल्यावर भिंतीला तापमानाचा एक नॉब लावायचा. गोल, पांढरा, फिरवला की बारीक टकटक आवाज येतो. मागे वायर नाही. कशालाच जोडलेला नाही. लोक येतात, फिरवतात आणि त्यांना गार वाटायला लागतं. माणसाला थंडावा नको असतो, आपलं कुणीतरी ऐकलं एवढंच हवं असतं. हे वाक्य चांगलं जमलंय, परिषदेत वापरायचं.

बायकोला सांगितलं, आता तुझ्या क्लिनिकला तुझा स्वतःचा नॉब. इतकी खूश झाली! म्हणाली, बघ, बोललं की होतं, मी उगीच चिडत होते. तिने खाली वर जाऊन सगळ्यांना सांगितलं की ऐकतात हो, आमचे हे ऐकतात. नॉबचं आतलं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परिणाम गेला असता. औषधाच्या चाचणीतही पेशंटला सांगत नाहीत.

३ जून

तक्रारी जवळजवळ बंद! आणि आलेख! बेसलाइनपासून जो सुटलाय तो खालीच. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. खुर्ची मी पूर्वीही बघितली होती, पण उभ्याने.

बारीकसारीक: कॉल सेंटरची कंपनी इमारत सोडून गेली. बरंच झालं, रात्रंदिवस ती गर्दी आणि लिफ्टपाशी तो गोंगाट. भागाकारने पाचव्या मजल्याचं क्षेत्रफळ मागितलं. म्हटलं, नंतर बघू. तिने विचारलं, नंतर म्हणजे कधी. म्हटलं, वेळ आली की. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही.

२५ जून

जेवताना बायको बरंच बोलली. मी मान डोलवत होतो, फोन टेबलाखाली होता (टेबलावर नाही, संकल्प शाबूत). उठताना तिने विचारलं, मग काय करूया? मी म्हटलं, तू म्हणशील तसं. ती म्हणाली, मी काय म्हटलं ते सांग. मला काही शब्द आठवत होते. घाम. वकील. आजी. ते मी सांगितले, क्रम चुकला असेल.

मुलगी डोक्याला शाम्पू लावून डोळे मिटून उभी होती तर बाथरूममधला दिवा गेला. चाचपडताना साबणदाणी फुटली. आंघोळ करताना थोडं हलत राहावं, एवढंच मी सुचवलं. दार जोरात आपटलं तिने. त्या हालचालीने दिवा लागला, हेही तिला दाखवून दिलं.

१४ जुलै

दातांचे डॉक्टर गेले. त्यांचा कॉम्प्रेसर प्रचंड वीज खायचा, तेव्हा आलेखाच्या दृष्टीने उत्तम. वकीलही गेले. जाताना ते बायकोच्या दारात थांबून म्हणाले म्हणे, ताई, तुमच्या तोंडाकडे बघून सही केली होती. बायकोने हे मला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटतं वकिलांना मनापासून कृतज्ञता वाटत असावी.

इकडे मोठी बातमी. ऑक्टोबरमधल्या परिषदेत 'शून्याकडे' हाच मुख्य कार्यक्रम. देशोदेशीचे लोक. इमारतीच्या दारावर लावायला पितळेची पाटी बनवायला टाकली आहे. 'ही इमारत हलक्या पावलांनी उभी आहे.' वाक्य माझं. भागाकारला दाखवलं. तिने विचारलं, पावलं कुणाची, आत कोण राहिलंय? टीममध्ये एक तरी कडवट माणूस असतोच. मी तसा नाही याचं समाधान आहे.

२ ऑगस्ट, सकाळ

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी क्लिनिकमध्ये फार उकडत होतं. त्याच आजी आलेल्या होत्या, चौथ्यावरून जिना उतरून. त्यांना घेरी आल्यासारखं झालं. बायकोने धावत जाऊन नॉब फिरवला, पुन्हा फिरवला, जोर लावला, आणि अख्खी डबी भिंतीपासून सुटून तिच्या हातात आली. मागे नुसता रंगवलेला गिलावा आणि चिकटपट्टीचे चार तुकडे.

आजी ठीक आहेत. पाणी प्यायल्यावर सावरल्या. हे आधी लिहायला हवं होतं.

संध्याकाळी तिने तो नॉब आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. एकच विचारलं. तुम्हाला माहीत होतं?

तुम्ही.

मी समजावलं. सांगितलं की हे जगभर करतात, यावर निबंध आहेत, तक्रारी निम्म्यावर येतात, हा तिचा अपमान नाही, ही पद्धत आहे. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, अडीच महिने मी पेशंटना सांगत होते की थांबा, मी फिरवते, आता गार होईल. त्यांना गार वाटायचंही हो. मलाही वाटायचं. पुढे म्हणाली, मला राग याचा नाही आला. तो हातात आला तेव्हा मला एकदम कळलं की हे मला ओळखीचं आहे. लग्न झाल्यापासून मी तुमच्याशी बोलतेय ना, तेच. फिरतं छान. आवाजही येतो.

मी नॉब उचलून ताटापासून थोडा लांब सरकवला. रात्री झोप आली नाही, बहुतेक उकाड्याने.

१० ऑगस्ट

बायकोने क्लिनिक हलवलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, गाद्या विकतो. त्याने दुकानाची पुढची खोली तिला दिली आहे. तळमजला. खिडक्यांना बोट जाईल एवढ्या फटी, छताला पंखा, गरम पाण्याला जुनाट गिझर. ऊर्जेच्या दृष्टीने हाहाकार. मी मेहुण्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, दाजी, टेबल धरा त्या बाजूने.

निम्मेसुद्धा पेशंट तिकडे येत नाहीत, लांब पडतं. चौदा वर्षांत जमवलेली माणसं, असं ती मेहुण्याच्या बायकोला सांगत होती. मला पाहून थांबली.

हे तात्पुरतं आहे. परिषद झाली की मी तिला इमारतीत सगळ्यात चांगला गाळा मिळवून देणार. आता हवा तो मोकळा आहे.

२९ ऑगस्ट

बायको आणि मुलगी सध्या मेहुण्याकडे, दुकानाच्या वर राहतात. संध्याकाळचे पेशंट उशिरापर्यंत असतात, जायचं यायचं त्रासाचं होतं, असं कारण सांगितलं. पटण्यासारखं आहे. दोघींच्या दोन मोठ्या बॅगा कशाला लागल्या हे विचारणार होतो, पण त्या वेळी फोन आला.

संकल्प: रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारायची.

५ सप्टेंबर

चक्कर जमली नाही. आलेखाची घाई.

पण एक आनंदाची गोष्ट! घराचा वापर एकदम निम्म्याच्या खाली! मार्चपासून घसा कोरडा करत होतो, शेवटी फळ मिळालं. आलेखाचं चित्र मुलीला पाठवलं. लिहिलं, बघ, जमलं आपल्याला. तिचं उत्तर आलं, बाबा, आम्ही तिथे नाही आहोत म्हणून.

मुलांना निष्कर्षाची फार घाई असते. इतर कारणंही तपासायला हवीत. हवामान वगैरे.

२० सप्टेंबर

भागाकार आज दार लोटून आत आली, बसली नाही. म्हणाली, सर, अहवालातून माझं नाव काढा. मी म्हटलं, अगं, या अहवालात नाव असावं म्हणून लोक जीव टाकतील. तिने एक कागद पुढे ठेवला. इमारतीचा कार्बन एकूण पाहिला तर धाडकन खाली. आत उरलेल्या माणसांनी भागला तर वर, मार्चच्या तिप्पट. कारण यंत्रणा सगळ्या इमारतीची, एक माणूस असला तरी ती बरीचशी चालवावी लागते. आणि गेलेली माणसं हवेत विरली नाहीत, ती दुसरीकडे कुठेतरी जाऊन वीज वापरतायत. म्हणाली, आपण कार्बन कमी केला नाही सर, माणसं कमी केली.

मी तिला समजावलं की मुख्य उद्दिष्ट एकूण आकड्याचं होतं, मंजुरीच्या कागदावर तसंच लिहिलंय, आणि ते मी स्वतः लिहिलंय. ती म्हणाली, तेच तर. नाव काढलं.

गेल्यावर तो कागद परत पाहिला. भागाकार बरोबर आहे. म्हणजे गणिताच्या दृष्टीने. खणात ठेवला. परिषदेनंतर शांतपणे विचार करायचा.

बायकोला फोन केला होता. पेशंट होता म्हणाली. मागून हसण्याचे आवाज येत होते.

११ ऑक्टोबर

परिषद.

भाषण उत्तम झालं. आलेख पडद्यावर आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मी ते वाक्यही टाकलं, की माणसाला आपलं कुणीतरी ऐकलं एवढंच हवं असतं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मी राखून ठेवल्या होत्या, बायकोची आणि मुलीची. संयोजकांनी त्यांवर दुसऱ्यांना बसवलं. शिस्त नाही.

मग पितळेची पाटी द्यायला इमारतीच्या मालकाला मंचावर बोलावलं. त्याने पाटी हातात घेतली, वाचली आणि हसत हसत माइक मागितला. म्हणाला, पाटी सुंदर आहे, पण लावू कुठे? इमारत तर पुढच्या महिन्यात पाडतोय. चार वर्षं हे गाळेधारक निघायचं नाव घेत नव्हते, नोटिसा झाल्या, वकील झाले, एक गाळा तर वकिलाचाच. यांनी सहा महिन्यांत सगळी इमारत रिकामी करून दिली, परवा शेवटचा कॉफीवालाही गेला, कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. तिथे आता काचेचा वीस मजली टॉवर उभा राहतोय. मी यांचा जन्मभर ऋणी आहे. असं म्हणून त्याने माझा हात हातात धरला आणि सोडेना. होहो खाली बसून मान हलवत होता, हो हो.

सभागृहात मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण. भागाकार दारापाशी उभी होती, ती एकटी हसली नाही.

पाडायचं आणि पुन्हा बांधायचं. त्या सिमेंटमध्ये, काचेमध्ये जो कार्बन जाईल त्यापुढे आमची बचत खिजगणतीतही नाही. हे कुणाला सांगायची गरज नव्हती. सभागृहातल्या प्रत्येकाचा तोच धंदा आहे.

संचालकांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. माझं नाव चुकीचं घेऊन आभार मानले. पाटी मालकाने टेबलावरच ठेवली होती. मी घरी आणली.

१२ ऑक्टोबर, दुपार

आज मेहुण्याच्या दुकानात गेलो. जाताना वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य, चुकलं माझं. दुसरं वाक्य, घरी चला. सोपं आहे, दोनच वाक्यं.

पुढच्या खोलीचं दार सताड उघडं. पंखा कुरकुरतोय. त्या आजी टेबलावर पालथ्या, शेक चालू, दिवा चालू. मला पाहून मान वर करून बायकोला म्हणाल्या, हेच का गं ते अंधारवाले? बायको हसली नाही. मला एका गादीवर बसायला सांगितलं. गादीला प्लास्टिक होतं, हललं की आवाज यायचा, म्हणून मी न हलता बसलो.

काम आटोपून ती आली, हात पुसत. म्हणाली, बोला.

मी बोललो. मालकाबद्दल बोललो, त्याने मला कसं वापरलं, संचालकांनी कसे हात झटकले, होहो कसा दगाबाज निघाला, भागाकारने वेळेवर ठणकावून सांगायला हवं होतं. बराच वेळ बोललो. ती थांबून होती. तिचा चेहरा तसाच, काहीतरी पुढे येईल अशा आशेने बघणारा. मला दिसत होतं की ती कशासाठी थांबली आहे. ती दोन वाक्यं जिभेवर होती. आणि मी म्हणालो, अंतिम अहवालासाठी गाळेधारकांचे अभिप्राय लागतात, तुझ्या काही सूचना असतील तर सांग.

का म्हणालो, मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही.

तिने हातातला टॉवेल घडी घालून बाजूला ठेवला. मग पर्समधून घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, वकिलांची, डॉक्टरांची, सगळ्यांची क्षमा मी एकेकाकडे जाऊन मागून आले. तुमच्या वाटची पण मागितली. आता सूचना काही नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे स्पष्ट लिहितोय, कारण तिला सांगता आलं नाही.

मेहुण्याने चहा विचारला. नको म्हटलं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

'शून्याकडे' यशस्वीरीत्या पूर्ण झाला, असं संस्थेचं परिपत्रक निघालं. चाळीस इमारतींचं काम भागाकारकडे दिलंय, दर माणशी मोजून. ते योग्यच आहे. माझ्याकडे तिच्या प्रोग्रॅमचा अहवाल नीटनेटका करायचं काम आलंय. ऑफिसात आज जिन्याने गेलो. कुणी पाहिलं नाही.

पाटी बाल्कनीच्या दाराला लावून ठेवली आहे, वाऱ्याने आपटू नये म्हणून. नॉब अजून जेवणाच्या टेबलावरच आहे. कधी कधी फिरवतो. टकटक आवाज छान आहे, हे तिचं खरं.

घराचा वापर आज मार्चपासूनच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. फोनवर हिरवा बाण आला. कुणाला पाठवावा याचा विचार करत खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात दिवा गेला. बराच वेळ हललो नसेन. सेन्सरच्या हिशेबाने घरात कुणी नाही.

हात वर करून हलवला की लागतो. नाही हलवला. मी अजून आहे, असं म्हणून पाहिलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. मग त्या आजींसारखं, मी अजून आहे हो, असं अगदी ओरडून म्हटलं. शेजारच्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला. दिवा काही लागला नाही.

आता त्याच खुर्चीत, खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात, नुसती बोटं हलवत हे लिहितोय; तेवढं सेन्सरला दिसत नाही. आवाज ऐकू येणारं मॉडेल होतं. मीच नको म्हटलं होतं.